राखणदाराचा उपद्रव

२१ एप्रिल २०१० हा बुधवार होता. अमेरिकेत कार्यालये उघडत असतानाच मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांना रोजच्या रिवाजाप्रमाणे नवी यादी पाठवली. नवे व्हायरस कसे ओळखायचे याच्या खुणा या यादीत असतात. यादीचा क्रमांक होता ५९५८. ती आपोआप यायची, आपोआप लागू व्हायची. संगणकाच्या मालकाला तिचा पत्ताही नसायचा. त्या दिवशीच्या यादीतली एक खूण चुकली होती. विंडोज एक्सपीमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची एक मूळ फाइल असते आणि नेटवर्कसह कित्येक अंतर्गत सेवा तिच्या आधाराने चालतात. अँटिव्हायरसला ती ‘वेकॉर्ल’ नावाचा व्हायरस वाटली. त्याने नेमून दिलेले काम केले. फाइल धरली आणि बाजूला काढली. संगणक बंद पडला, सुरू झाला, पुन्हा बंद पडला. जे कसेबसे सुरू राहिले त्यांचे नेटवर्क गेले.

मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात २५ हजारांपैकी सुमारे ८ हजार संगणक आडवे झाले. ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांनी थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि गंभीर इजा नसलेल्या रुग्णांना तातडीच्या कक्षात घेणे थांबवले. केंटकीत पोलिसांना गस्तीच्या गाड्यांमधले संगणक बंद ठेवायला सांगण्यात आले. ऑस्ट्रेलियात कोल्स या सुपरमार्केट साखळीच्या गल्ल्यांवरची यंत्रे थांबली आणि काही दुकाने बंद ठेवावी लागली. चूक ध्यानात आल्यावर कंपनीने दुरुस्त यादी तयार केली खरी, पण ती पोहोचणार कशी? ज्या वाटेने यादी यायची ती वाटच अँटिव्हायरसने मोडून ठेवली होती. शेवटी तंत्रज्ञ पेन ड्राइव्ह खिशात घालून एकेका टेबलापाशी गेले.

व्हायरसांचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. त्यात नायक आहेत, खलनायक आहेत, पाठलाग आहे. राखणदाराने केलेल्या नुकसानीचा इतिहास मात्र सुटा सुटा पडून आहे, कारण अशी प्रत्येक घटना त्या त्या वेळी ‘दुर्दैवी अपवाद’ म्हणून मिटवली गेली. गेली काही वर्षे मी या अपवादांची टिपणे करतो आहे. एकापाठोपाठ एक मांडल्यावर ते अपवाद वाटेनासे होतात. ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण इथे चटकन ओठांवर येते, पण ती नीट लागू पडत नाही. तिच्यात कुंपणाच्या नियतीवर संशय आहे. त्यापेक्षा झोपलेल्या राजाच्या अंगावरची माशी मारायला तलवार उचलणारे पंचतंत्रातले माकड अधिक जवळचे. माकडाच्या मनात खोट नव्हती. त्याच्या हाती तलवार कोणत्या अटींवर दिली होती, हा खरा प्रश्न आहे. अँटिव्हायरसला आपण तीन अधिकार दिले: सगळे काही आपल्याआधी पाहण्याचा, न विचारता कृती करण्याचा आणि स्वतःला रोज बदलण्याचा. त्याची उपयुक्तता या तिन्हींमुळेच आहे आणि पुढे जे सांगणार आहे ते नुकसानही त्यांच्यातूनच झाले आहे.

सुरुवात लाहोरपासून करावी लागते. १९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसून एका फ्लॉपीवरून दुसरीवर जाई. आपण तयार केलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कुठे जातात ते कळावे म्हणून तो लिहिला, असे या भावांचे सांगणे. म्हणजे या वंशाचा मूळपुरुषही स्वतःला राखणदारच म्हणवत होता!

पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हायरस शोधणारे प्रोग्राम आले. त्यांची रीत साधी होती. प्रत्येक व्हायरसच्या आत काही ठरावीक बाइट ठरावीक क्रमाने येतात; तो क्रम टिपून ठेवायचा आणि डिस्कवरची एकेक फाइल उघडून त्यात तो आहे का ते पाहायचे. ‘एकेक फाइल उघडून’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण १९८९ मध्ये बल्गेरियातल्या सोफियात बसलेल्या एका अज्ञात इसमाने नेमके तेच हेरले. ‘डार्क ॲव्हेंजर’ हे त्याचे टोपणनाव. त्याच्या व्हायरसलाही लोक त्याच नावाने ओळखू लागले. तोवरचे बहुतेक व्हायरस एखादा प्रोग्राम चालवला की त्याला चिकटत. हा नुसती फाइल उघडली तरी चिकटे. अशा व्हायरसने मेमरीत ठाण मांडलेले असताना कोणी व्हायरस शोधायचा प्रोग्राम चालवला आणि त्या प्रोग्रामला मेमरीतला व्हायरस ओळखता आला नाही, तर काय होणार? तो डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडणार आणि त्याच्या पाठोपाठ व्हायरस तिच्यात शिरणार. दोन-चार फाइलींपुरता असलेला रोग तपासणीच्या एका फेरीत सगळ्या डिस्कभर. साथीच्या काळात एकाच सुईने गावभर रक्त तपासावे, तसे. भर म्हणजे हा व्हायरस मधूनमधून डिस्कच्या एखाद्या तुकड्यावर स्वतःचा मजकूर लिहून ठेवी, त्यामुळे नुकसान उशिरा कळे आणि तोवर जपून ठेवलेल्या प्रतीही बिघडलेल्या असत. मला ही घटना सगळ्यात बोधक वाटते, कारण यात राखणदाराच्या कामात कसलीही चूक नव्हती. सगळीकडे फिरण्याची मुभा, हेच त्याचे बळ शत्रूने वापरून घेतले.

त्याच काळातला दुसरा प्रकार निव्वळ विनोदी आहे. एका अँटिव्हायरसने स्वतःच्या यादीतल्या खुणा मेमरीत उघड्याच ठेवायच्या आणि नंतर चालवलेल्या दुसऱ्या अँटिव्हायरसने त्या पाहून ‘मेमरीत व्हायरस आहे’ अशी हाकाटी करायची. गुन्हेगारांची छायाचित्रे खिशात बाळगणाऱ्या हवालदाराला दुसऱ्या हवालदाराने गुन्हेगार समजून धरावे, तशी गत. जाणकारांनी याला भुताटकीचे नाव दिले होते. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६ बरोबर अँटिव्हायरस फुकट दिला, तो सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला होता आणि या भुतांसाठी बदनाम होता. शिवाय तो फाइलींचे मोजमाप नोंदवून प्रत्येक डिरेक्टरीत ‘चेकलिस्ट’ नावाची एक छोटी फाइल टाकून जाई. काही व्हायरस आल्याआल्या आधी ती फाइलच पुसत. पाहणाऱ्याची नोंदवही उघड्यावर पडलेली असली की चोराचे काम सोपे होते.

मार्च १९९२ मधले ‘मायकेलँजेलो’ प्रकरण या इतिहासात वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. ६ मार्च या मायकेलँजेलोच्या जन्मदिवशी डिस्क पुसून टाकणारा हा व्हायरस होता. जॉन मॅकॅफी यांनी ५० लाखांपर्यंत संगणक सापडतील असे भाकीत केले आणि वर्तमानपत्रांनी ते जगभर पोहोचवले. प्रत्यक्षात बाधित संगणक काही हजारांच्या घरात निघाले. दुकानांतले अँटिव्हायरस मात्र तोपर्यंत हातोहात संपले होते. भीतीमुळे नुकसान टळले, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या आठवड्यानंतर वैयक्तिक संगणकाच्या मालकाने एक गोष्ट मनोमन मान्य केली: राखणदार सतत जागा असला पाहिजे. अधूनमधून चालवायचे अवजार जाऊन त्या जागी चोवीस तास बसलेला पहारेकरी यायला ही मानसिक तयारी फार उपयोगी पडली.

पुण्याचा या कथेशी संबंध इथूनच येतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाडापेक्षा व्हायरसच जास्त सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्राम लिहायला घेतले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील उभे राहिले आणि २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. या यशामुळे एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे या धंद्याचे मूळ दुरुस्तीच्या टेबलावर होते. सीपीयू काखोटीला मारून दुकानात जायचे, तिथल्या मुलाने समोर बसून तपासणी चालवायची, काय सापडले ते सांगायचे, ‘हे काढू का?’ म्हणून विचारायचे, अशी ती पद्धत. निर्णय घेताना मालक शेजारी स्टुलावर बसलेला असे. ज्यांनी हा काळ पाहिला त्यांना ते ‘काढू का?’ आठवत असेल. पुढच्या दहा वर्षांत हा प्रश्न विचारणेच बंद झाले.

त्याला कारण होते. इंटरनेट आल्यावर व्हायरस फ्लॉपीच्या वेगाने पसरेनात. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा ईमेलमधून आलेला किडा एका दिवसात जगभर फिरला. महिन्याला टपालाने येणाऱ्या यादीची फ्लॉपी अशा वेळी काय कामाची? यादी रोज, मग दिवसातून अनेकदा येऊ लागली. नमुने इतके वाढले की एकेकाची खूण टिपणे अशक्य झाले, म्हणून ‘असे असे वागणारा प्रोग्राम संशयित’ अशा अंदाजावर भर आला. अंदाज म्हटला की चूक आली. आणि चूक कोणाच्या वाट्याला येणार हे ठरवणारी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती म्हणजे भाषा.

मे २००७ मध्ये सिमँटेकच्या नॉर्टन अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइली ‘हॅक्सडोअर’ नावाचा छुपा घुसखोर समजून उचलल्या. संगणक सुरू होईनासे झाले. पण कुठले? फक्त सरलीकृत चिनी लिपीतल्या आवृत्तीचे. चीनमध्ये हजारो लोकांच्या यंत्रांवर ही आपत्ती आली, तेव्हा इंग्रजी आवृत्ती वापरणाऱ्यांना खबरही नव्हती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, एव्हीजीने विंडोजमधली ‘युझर३२’ ही फाइल व्हायरस ठरवली. तिच्याशिवाय विंडोजची एक चौकटही उघडत नाही. फटका बसला तो डच, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश आवृत्त्यांना. फाइल काढण्याआधी ती निर्दोष आहे ना, हे पाहायला कंपन्यांकडे निर्दोष फाइलींचा साठा असतो. जे त्या साठ्यात आहे ते वाचते. जे नाही, त्याला आपले निर्दोषत्व नुकसान झाल्यानंतर सिद्ध करावे लागते.

चिनी आणि फ्रेंच आवृत्त्यांची ही कथा, तर मराठीचे काय? मराठीत टंकलेखन करण्यासाठी आपण अनेक वर्षे जे छोटे प्रोग्राम वापरले, त्यांचे काम काय होते ते पाहा. तुम्ही कळ दाबली की ती मधल्या मध्ये पकडायची, तिचे अक्षर बदलायचे आणि मग वर्डला किंवा पेजमेकरला द्यायची. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही कळ मधल्या मध्येच पकडतात. ज्याने मराठी टायपिंग कधी पाहिलेच नाही त्याच्या नजरेला या दोघांत फरक दिसणे कठीण. मी काही वर्षे एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम पाहत होतो. दिवाळी अंकांचे दिवस होते, तीन अंकांची पाने एकाच वेळी लावायची होती. एका सकाळी चारही संगणकांवर मराठी उमटेना. कळा दाबल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा. रात्रीच्या यादीनंतर अँटिव्हायरसने टायपिंगचा प्रोग्राम उचलून ‘क्वारंटाइन’मध्ये टाकला होता. करोनाने हा शब्द घरोघरी नेला, त्याच्या कितीतरी आधी तो मी त्या पडद्यावर वाचला. फाइल परत ठेवली की पाच मिनिटांत पुन्हा गायब. कंपनीला फोन केला तर नमुना पाठवा, तपासून कळवू, असे उत्तर. शेवटी छापखान्याच्या मालकांनी निर्णय घेतला आणि चारही यंत्रांवरून अँटिव्हायरस काढून टाकला. अंक वेळेवर निघाले. पुढच्या महिन्यात एका ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने सगळी फोल्डरे लपवून टाकली, तेव्हा त्यांना अडवायला कोणी नव्हते. या दुसऱ्या नुकसानीची नोंद कुठल्याच कंपनीच्या हिशेबात लागत नाही. चुकीच्या धरपकडीला कंटाळून लोक पहाराच उठवतात आणि त्यानंतर जे होते ते व्हायरसच्या नावावर जमा होते.

एकट्याने प्रोग्राम लिहिणाऱ्यांची अवस्था याहून बिकट झाली. निर सोफर हे इस्रायली प्रोग्रामर छोटी छोटी उपयोगी अवजारे लिहून फुकट देतात. अँटिव्हायरस कंपन्या आपली निरुपद्रवी अवजारे वारंवार व्हायरस ठरवतात, लोक आपल्याला चोर समजतात, अशी जाहीर तक्रार त्यांनी २००९ मध्ये केली. मोठ्या कंपनीची फाइल धरली गेली तर तासाभरात दुरुस्ती होते. एकट्या माणसाला प्रत्येक कंपनीचे दार स्वतंत्रपणे ठोठवावे लागते. आणि ही दारे किती स्वतंत्र होती? कॅस्परस्की या रशियन कंपनीने एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० च्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यांनी २० निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यातल्या १० फाइलींवर स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये मुद्दाम ‘व्हायरस’ असा खोटा शिक्का मारला आणि अनेक कंपन्यांचे शोधक एकत्र चालवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्या ठेवल्या. दहा दिवसांत चौदापर्यंत इतर कंपन्या त्याच फाइलींना व्हायरस म्हणू लागल्या. एक कावळा ओरडला की सगळे ओरडतात. अनेकांचे एकमत म्हणजे सत्य, असे मानणाऱ्या वापरकर्त्याला हे कावळे एकमेकांची नक्कल करताहेत हे कळणार कसे?

यादी चुकणे ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की जो सगळे आधी पाहतो त्याच्यावरच पहिला वार करता येतो. २० मार्च २००४ च्या ‘विटी’ या किड्याची कथा यासाठी सांगायला हवी. ब्लॅकआइस नावाचे एक संरक्षक सॉफ्टवेअर होते. अँटिव्हायरस नव्हे, त्याचा चुलतभाऊ म्हणू. नेटवर्कवरून येणारा मजकूर आत येण्याआधी तपासणे हे त्याचे काम. त्या तपासणीच्या भागातच दोष होता. दोष जाहीर झाला आणि दोन दिवसांच्या आत किडा तयार होऊन फिरू लागला. एखादे पाकीट संगणकापर्यंत आले, ब्लॅकआइसने ते तपासायला हातात घेतले, की काम झाले. मालकाने काही उघडायला नको, कुठे क्लिक करायला नको. सुमारे १२ हजार संगणक त्याला बळी पडले, बहुतेक पाऊण तासात. मग विटीने त्यांच्या डिस्कवर थोडा थोडा कचरा लिहायला सुरुवात केली. हे १२ हजार लोक निष्काळजी नव्हते. काळजी घेणारेच तेवढे यात सापडले. ज्यांनी संरक्षक बसवलेच नव्हते त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

इथून प्रश्न विंडोजच्या गाभ्याकडे जातो. संगणकात एक आतला गाभारा असतो. तिथे चाललेला प्रोग्राम चुकला तर तो एकटा पडत नाही, सगळे यंत्र निळा पडदा दाखवून झोपते. व्हायरसच्याही आधी पाहायचे तर गाभाऱ्यातच बसायला हवे, म्हणून अँटिव्हायरस कंपन्यांनी तिथे हक्काची जागा केली होती. २००६ मध्ये ६४ बिटांच्या विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने गाभ्याला हात लावणाऱ्यांना बंदी करायचे ठरवले. त्यावर मॅकॅफीने फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन निषेध केला. सिमँटेकही विरोधात होती. मायक्रोसॉफ्ट स्वतः अँटिव्हायरसच्या धंद्यात उतरत होती, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना बाहेर काढण्याचा हा डाव आहे, हा आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही. युरोपीय आयोगानेही लक्ष घातले. मायक्रोसॉफ्टने काही अधिकृत वाटा खुल्या केल्या आणि गाभाऱ्यातला राबता चालू राहिला. बाजारातली स्पर्धा टिकली पाहिजे ही भूमिका रास्त होती. पण त्या वादात संगणकाच्या मालकाच्या बाजूने कोण बोलत होते, ते मला अजून सापडलेले नाही.

त्या राबत्याची किंमत जानेवारी २०१८ मध्ये दिसली. प्रोसेसरमधला ‘मेल्टडाउन’ हा दोष झाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती आणली, पण काही अँटिव्हायरस गाभ्यात अशा काही आडवाटांनी शिरलेले होते, की दुरुस्ती लावताच यंत्र कोसळे. मग असे ठरले, की ‘आम्ही या दुरुस्तीशी जुळवून घेतले आहे’ अशी खूण तुमच्या अँटिव्हायरसने ठेवली असेल तरच दुरुस्ती मिळेल. नसेल तर पुढच्याही सुरक्षा दुरुस्त्या थांबतील. घरातल्या पहारेकऱ्याने हमी दिली नाही म्हणून डॉक्टर उंबऱ्याबाहेर.

मधल्या काळात राखणदाराने स्वतःलाच धरण्याचे प्रसंगही घडले. १९ सप्टेंबर २०१२ रोजी सोफोस या ब्रिटिश कंपनीच्या अँटिव्हायरसने आपलीच यादी आणणारा प्रोग्राम व्हायरस ठरवला आणि दुरुस्तीची वाट स्वतःच बंद केली. मार्च २०१५ मध्ये पांडा या स्पॅनिश अँटिव्हायरसनेही स्वतःच्याच फाइली पकडल्या. यावर फार लिहिण्यासारखे नाही. हसून पुढे जावे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार मात्र हसण्यासारखा नव्हता. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली, क्रमांक २९१. तिच्यातल्या नियमाला २१ बाबींची माहिती लागत होती आणि गाभ्यात बसलेला प्रोग्राम २० च पुरवत होता. एकविसावी शोधायला तो आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि यंत्र कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक निळे झाले होते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांतली नोंदव्यवस्था थांबली. अमेरिकेत डेल्टा या एकाच विमान कंपनीची पुढच्या पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणे रद्द झाली. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून दिलेल्या बोर्डिंग पासांची छायाचित्रे त्या दिवशी मोबाइलवर फिरत होती. आपल्या बँकांचे फारसे बिघडले नाही. दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. दुरुस्तीची रीत २०१० चीच होती. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जायचे, ते सुरक्षित पद्धतीने सुरू करायचे आणि ती फाइल हाताने पुसायची. डिस्कला कुलूप असेल तर त्याचा लांबलचक आकडी क्रमांक आधी शोधायचा. काही ठिकाणी ते क्रमांक ज्या संगणकात ठेवलेले होते तोही निळा पडलेला होता.

एक योगायोग सांगतो. क्राउडस्ट्राइकचे संस्थापक आणि प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. वर्तमानपत्रांनी हा योगायोग चवीने छापला. मला त्यात व्यक्तीचा दोष फारसा दिसत नाही. दोन्ही वेळा दुसरा कोणी असता तरी व्यवस्था तीच राहिली असती. चौदा वर्षांत काय बदलले नाही ते मात्र बघण्यासारखे आहे. २०१० मध्ये ज्या जोडीवर आघात झाला, म्हणजे विंडोज एक्सपीची तिसरी सुधारित आवृत्ती आणि मॅकॅफीचे त्या वेळचे नवे उत्पादन, नेमकी तीच जोडी चाचणीच्या यंत्रांवर नव्हती. २०२४ मध्ये फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता आणि त्याने सदोष फाइल ‘ठीक’ म्हणून पुढे सोडली. दोन्ही वेळा यादी सगळीकडे एकदमच गेली. आधी शंभर यंत्रांवर पाठवून तासभर वाट पाहावी, एवढे शहाणपण गावातला औषधवाला उंदराचे नवे औषध विकतानाही दाखवतो. घाईचे समर्थन असे, की नवा व्हायरस तासभर थांबत नाही. ते खोटे नाही. पण किती घाई करायची हे ठरवताना एका पारड्यात व्हायरसचे नुकसान ठेवले जाते आणि दुसरे पारडे रिकामेच राहते, कारण राखणदाराच्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

या प्रकरणानंतर दोन गोष्टी घडल्या. सुरक्षा कंपन्यांना गाभ्याच्या बाहेर राहून काम करता येईल अशी व्यवस्था विंडोजमध्ये करण्याचे मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि २०२५ च्या मध्यावर ती निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली. अठरा वर्षांपूर्वी जे व्हिस्टात जमले नाही तेच पुन्हा, यावेळी थोड्या सलोख्याने. आणि क्राउडस्ट्राइकने आपल्या ग्राहकांना नवी फाइल केव्हा घ्यायची ते निवडण्याची सोय दिली: आल्याआल्या घ्या, किंवा आधी शेजाऱ्याच्या संगणकाचे काय होते ते पाहून घ्या. घरातल्या आणि छोट्या दुकानांतल्या संगणकांवर जे अँटिव्हायरस बसलेले असतात, त्यांची यादी मात्र आजही रोज, न विचारता, सगळ्यांना सारखीच येते.